नव्या पाण्याचे तीन दिवस

अक्का मंगळवारी दुपारी वारली. तिच्या पोटातलं मूल सोमवारी गेलं होतं. दवाखान्यात तिच्याजवळ आई होती, आप्पा होते, दाजी होते आणि मी होते. संध्याकाळी सोलापुरातच तिला पोचवलं. बुधवारी सकाळच्या एसटीनं आई, आप्पा आणि मी धरणावर परत आलो. आप्पांनी पिशवी ओसरीवर ठेवली आणि ते पट्टी वाचायला गेले.

पट्टी वाचणं हे आप्पांचं काम होतं. माढा तालुक्याच्या कडेला, भीमा जिथं धरणात पसरते, तिथं पाण्यात लोखंडी पट्ट्या रोवलेल्या होत्या. पांढऱ्या पट्ट्या, त्यांवर काळे आकडे. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं आहे ते बघायचं, वहीत मांडायचं आणि वायरलेसवरून सोलापूरच्या कचेरीला कळवायचं. उन्हाळ्यात दिवसातून एकदा, आणि नदीला वरून पाणी यायला लागलं की दर तासाला. वरून येणाऱ्या पाण्याला आप्पा आवक म्हणायचे. कचेरीचा शब्दच तो. बाजार समितीत कांद्याची आवक असते, टपालाच्या वहीत पत्रांची आवक असते, तशी धरणात पाण्याची. जेवताना आप्पा म्हणाले, "आज आवक न्हाय," की अक्का लगेच विचारायची, "मग भाव काय निघाला, आप्पा?" आप्पा हसायचे नाहीत, पण भाकरीचा पुढचा तुकडा मोडायला त्यांना जरा वेळ लागायचा. तेच त्यांचं हसणं.

सहा क्वार्टर होते, दगडी, दोन-दोन खोल्यांचे. पुढं बाभळी आणि मागं पाणी. अजून डोळे मिटले की मला त्या घरातले आवाज आधी ऐकू येतात, माणसं नंतर दिसतात. वायरलेसची खरखर, आईचं भाकरी थापणं, आणि सकाळी पाण्यावरून येणारा दण् दण् आवाज. पलीकडच्या वस्तीतले भोई जाळं टाकून झालं की होडीच्या कडेवर काठी बडवायचे, त्या दणक्यानं मासे जाळ्याकडे पळायचे. आमच्या घरात मासे शिजत नव्हते. आई अक्कलकोटकडची, तिच्या माहेरी कांदासुद्धा बेतानं. तिच्या हातचं हुलग्याचं माडगं आणि जाडसर कुटलेली शेंगांची चटणी मी नंतर अनेकांच्या घरी शोधली. ती आमच्याशी मराठीत बोलायची, पण घाबरली की कानडीत. त्यामुळे आईच्या तोंडून कानडी ऐकलं की आम्ही दोघी बहिणी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचो.

क्वार्टरच्या मागं जे पाणी होतं ते नदीचं नव्हतं. धरण होण्याआधी तिथून एक ओढा भीमेला मिळत होता. धरण भरल्यावर पाणी त्या ओढ्यात उलटं शिरलं आणि एक लांबट खोबण तयार झाली, तोंडाशी अरुंद, आत रुंद. तीन बाजूंना जमीन आणि एका बाजूनं धरण. आम्ही सगळे पाणी तिथूनच भरायचो. पंप होता, पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तो हवा ओढायचा, मग घागरी घेऊन उतरायचं. मे महिन्यात ते पाणी हिरवं व्हायचं. शेवाळी रंगाची साय धरायची, हातानं बाजूला सारून घागर बुडवायची. वास यायचा. अक्का त्या जागेला धरणाची काख म्हणायची. "का, तर घामाचा वास मारतो म्हणून," असं ती पाहुण्यांनाही सांगायची. आई तिला दटावायची, पण महिनाभरात सहाही क्वार्टरमध्ये बायका "काखेत निघालीस का गं?" असंच विचारायला लागल्या.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी वाचायची आणि ती बोलायची, असं आमचं वाटून घेतलेलं होतं. टेंभुर्णीच्या शाळेतून मी पुस्तकं आणायची आणि बाभळीखाली बसून संपवायची. मी वाचलेलं अक्काला सांगायची, आणि ती ते सगळ्या क्वार्टरना सांगायची, तेही स्वतः वाचल्यासारखं. तिचं लग्न सोलापूरला झालं. दाजी सूतगिरणीत होते. मनानं चांगले आणि कमी बोलणारे. सातव्या महिन्यात नवी पेठेतून हिरवं लुगडं आणून आईनं डोहाळेजेवण केलं आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिला धरणावर आणलं. उन्हाळा सरत आला होता. आवक नव्हती. काख हिरवीगार होती.

पाण्याच्या बाबतीत आप्पांचा एक नियम होता. पावसाळा लागला की पाणी उकळायचं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मी पाण्याची उंची मोजतो. त्यात काय हाय ते मला दिसत न्हाय. जे दिसत न्हाय ते उकळावं." त्या वर्षी अक्कासाठी आईनं पावसाळ्याची वाट न बघता उकळायला सुरुवात केली होती. पण हिरवं पाणी उकळलं की त्याचा वास दुप्पट व्हायचा. अक्का फुलपात्र तोंडाशी न्यायची आणि खाली ठेवायची. "शेवाळाची आमटी झालीय आई ही. फोडणी तरी दे." आई वाळा टाकायची, तुळस टाकायची, लिंबू पिळायची. अक्का दोन घोट प्यायची आणि अर्ध्या तासानं ओसरीच्या कडेला जाऊन ओकायची. तिचे ओठ सुकून त्यांना साल धरलं होतं. दुसऱ्याची तहान बघत बसणं किती अवघड असतं ते मला त्या पंधरा दिवसांत कळलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते.

आमच्याकडं नदीला पूर येतो तेव्हा आभाळ कोरडं असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पाऊस पडतो तो दूर घाटात. तिथलं पाणी मोठ्या शहरांमधून, गावांमधून, कारखान्यांच्या मागून वाहत आमच्यापर्यंत येतं, आणि आमच्या अंगणात तेव्हा धूळ उडत असते. त्या वर्षीही तसंच झालं. आई आदल्या दिवशी अक्कलकोटला गेली होती, तिचे मामा वारले म्हणून. आणखी तीन दिवसांनी येणार होती. सकाळी वायरलेस बोलायला लागला, आप्पांनी टोपी घातली, आणि जाता जाता दारातून म्हणाले, "आवक चालू झाली. मला आता घरी धरू नका."

नवं पाणी बघायला मी आणि अक्का काखेच्या कडेला गेलो. ते लाल होतं. मधल्या धारेतून वेगानं येत होतं आणि काखेच्या तोंडाशी आलं की त्यातला एक पदर आत वळत होता. हिरव्यावर लाल पसरत होतं, दोन्हींच्या मध्ये फेसाची रेघ. फेसात चपला होत्या, पिशव्या, झेंडूच्या माळा, एक बाहुली, औषधाच्या बाटल्या. काठाला मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मेलेले नव्हते. वस्तीतली पोरं टोपल्या घेऊन धावली, हातानं मासे उचलत होती. अक्का म्हणाली, "बघ गं, माशांची आवक." मी हसले. ते मासे पाण्यात गुदमरत होते हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत आम्हांला मासे पाण्यात श्वास घेतात एवढंच शिकवलं होतं.

काशीमावशी तिथं होत्या. भोयांच्या वस्तीतल्या सगळ्यांत जुन्या बाई. धरण होण्याआधीच्या नदीवर त्यांची हयात गेली होती, आणि वस्तीतल्या सगळ्या बाळंतपणांना त्या असायच्या. अक्काच्या पोटावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "पोरी, तीन दिस ह्या पाण्याला हात लावू नगंस. भीमा भाईर बसलीया."

ही रीत आम्हांला माहीत होती. वर्षाचं पहिलं लाल पाणी आलं की नदीला विटाळ आला असं मानायचे. तीन दिवस कुणी तिच्यात उतरायचं नाही, तिचं पाणी प्यायचं नाही. घरात भरलेलं पुरवून पुरवून वापरायचं. चौथ्या दिवशी बायका नारळ घेऊन जायच्या, नदीची ओटी भरायच्या आणि मग घागरी बुडवायच्या. आप्पांना ही रीत आवडत नव्हती. आमच्या घरात आईला किंवा आम्हां मुलींना कधी बाहेर बसावं लागलं नाही, ते आप्पांमुळे. "बाईला विटाळ न्हाय आणि नदीलाबी न्हाय," असं ते म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान होता. वर्गातल्या मुली चार दिवस गोठ्यात बसत तेव्हा मी त्यांना आप्पांचं वाक्य ऐकवायची.

"मावशी, नदीला कसला विटाळ?" मी म्हणाले. "माती असते ती. गाळली की झालं. वाहतं पाणी स्वच्छच असतं, पुस्तकात दिलंय."

"तुज्या पुस्तकानं कुनाचं बाळतपण केलंय का?" मावशी म्हणाल्या. बायका हसल्या. अक्काही हसली. मला ते लागलं. इतक्या वर्षांनंतरही सांगते, मला ते लागलं.

घरी येऊन मी एक घागर घेतली आणि पुन्हा खाली गेले. काखेच्या तोंडाजवळ, लाल पाण्यातून ती भरून आणली. दुहेरी फडक्यानं गाळली, तुरटी फिरवली आणि झाकून ठेवली. दुपारी झाकण काढलं तर तळाशी बोटभर गाळ आणि वर काचेसारखं पाणी. मी फुलपात्र भरून अक्काच्या नाकाशी धरलं. वास नव्हता. अजिबात नव्हता. थंड होतं. अक्कानं डोळे मिटून नुसता वास घेतला. मग फुलपात्र माझ्या हातात परत दिलं.

"मावशी म्हणाल्यात ते?"

"आप्पा काय म्हणतात माहितीये ना तुला?"

"माहितीये गं. पण आता मी एकटी नाही ना." तिनं पोटावर हात ठेवला. "असं कर, आप्पांना विचारून ये. ते हो म्हणाले तर पिते."

मी गेले. पट्टी क्वार्टरपासून अर्ध्या मैलावर होती. ऊन होतं. आप्पा गुडघ्यापर्यंत पाण्यात उभे राहून आकडा ओरडत होते. काठावर कचेरीतून आलेले दोन साहेब छत्री घेऊन उभे होते, आणि एक माणूस जीपमधल्या वायरलेसवर तो आकडा पुढं सांगत होता. मी बाभळीखाली थांबले. आप्पांनी मला पाहिलं आणि मानेनं विचारलं, काय? मी हातानं सांगितलं, काही नाही. साहेबांसमोर, पाण्यातल्या माणसाला हाक मारून, प्यायच्या पाण्याचं विचारायचं मला लाजल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. आप्पा काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. ते म्हणाले असते, "पी म्हणावं. पण उकळून." आणि उकळलेलं म्हटल्यावर अक्का तोंड फिरवेल, माझं काचेसारखं पाणी पुन्हा आमटी होईल, असं मला वाटलं. मी थोडा वेळ पाण्याकडं बघत उभी राहिले आणि परत आले.

"काय म्हणाले?"

"पी म्हणाले."

"नुसतं?"

"नुसतं. म्हणाले, चांगलं पाणी आहे."

अक्का प्यायली. एक फुलपात्र, मग दुसरं, मग तिसरं. हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत गेला तो तिनं पुसला नाही. म्हणाली, "किती गोड आहे गं." संध्याकाळी ती दीड भाकरी जेवली आणि ओकली नाही. आई येईपर्यंतचे ते तीन दिवस ती पूर्वीसारखी बोलत होती, मला चिडवत होती, बाळाला माझ्यासारखं मुकं करू नको म्हणून देवाला सांगत होती. त्या तीन दिवसांइतका आनंद मला आयुष्यात पुन्हा फारसा झाला नाही. मी हे लपवत नाही, कारण यातली सगळ्यांत कठीण गोष्ट तीच आहे.

आई परत आली, तिनं रांजण बघितला आणि विचारलं, "उकळलंय ना?" मी हो म्हणाले. एकदा खोटं बोलल्यावर दुसरं जड जात नाही.

पुढं महिनाभर काहीच झालं नाही. धरण भरलं, काखेतलं पाणी पंपाच्या वर चढलं, नळ सुरू झाले. मग एका सकाळी अक्का म्हणाली, भाकरीच्या वासानं मळमळतंय. दिवस भरत आले की असं होतं, असं आई म्हणाली. दोन दिवसांनी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. वस्तीत काशीमावशींच्या सुनेलाही तेच झालं होतं, आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या वायरमनलाही. तिघांच्याही गळ्यात काविळीची माळ घातली गेली. मुळ्यांचे लहान लहान तुकडे दोऱ्यात ओवलेले असतात. कावीळ उतरते तशी माळ लांबत खाली येते, असं म्हणतात. वायरमनची माळ बेंबीपर्यंत आली आणि तो कामाला लागला. मावशींच्या सुनेची आली. अक्काचीही लांबत होती. आई रोज बोटांनी मोजायची आणि खूश व्हायची. माळ कमरेशी आली त्या दिवशी अक्कानं मला आईच्या नावानं हाक मारली. दुपारी ती भिंतीशी बोलायला लागली. आईनं तिचे गाल हातांत धरले आणि कानडीत काहीतरी विचारलं. आप्पांनी जीप मागितली. ती मिळाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी आम्हांला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की ही कावीळ पाण्यातून येते. घाण पाण्यातून. इतरांना येते आणि जाते, पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत झाली तर आवरत नाही. मग त्यांनी विचारलं, "महिना-सव्वा महिन्यापूर्वी कुठलं वेगळं पाणी प्यायल्या होत्या का?"

आई म्हणाली, "नाही हो. उकळून देतो आम्ही." मग थांबली. तिला आठवलं. अक्कानंच तिला कौतुकानं सांगितलं होतं. "नवं पाणी प्यायली होती ती. मी नव्हते तेव्हा. हिचे आप्पा म्हणाले होते म्हणं, पी म्हणून." ती आप्पांकडं वळली. "व्हय ओ?"

आप्पांना पहिल्यांदा समजलंच नाही. त्यांच्या तोंडावर नुसता प्रश्न होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी व्हरांड्याच्या फरशीकडं बघत होते. त्यांना बाभळीखालची मी आठवली असणार, हातानं 'काही नाही' म्हणणारी.

"व्हय," आप्पा म्हणाले. "मी म्हणालो होतो."

"उकळून, असं नाही म्हणालात?"

"राहून गेलं."

"तुमचं? तुमचं राहून गेलं?"

"कामात होतो. राहून गेलं."

आईनं पदर तोंडात धरला आणि त्यातून ती जे बोलली ते कानडीत होतं. मला ते समजलं. आप्पांनाही समजत होतं. मी ते इथं लिहिणार नाही.

त्या दिवसापासून आईनं आप्पांना पाणी दिलं नाही. जेवण वाढलं, कपडे धुतले, आजारपण काढलं, पण पाण्याचा तांब्या त्यांच्या ताटाशी ठेवला नाही. ते ताटावर बसण्याआधी उठून आपलं पाणी स्वतः घ्यायचे. बाहेरच्या कुणाच्या ते लक्षात आलं नसेल. दाजी वर्षश्राद्धाला आले, पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं, रीतसर बोलावलं, आम्ही गेलो नाही. काशीमावशी एकदा ओसरीवर येऊन बसल्या आणि आईला म्हणाल्या, "म्या सांगितलं हुतं गं बाय, तीन दिस थांबा." आई म्हणाली, "ह्यांना सांगायचं होतंत." आप्पा आत होते. ऐकत होते.

पुढच्या वर्षी आवक सुरू झाली तेव्हा आप्पांनी भोयांकडून वाळलेले भोपळे मागून आणले. पोहायला शिकवताना मुलांच्या पाठीला बांधतात ते. वीस भोपळ्यांवर त्यांनी पट्टीच्याच काळ्या रंगानं आकडे घातले. दहा मधल्या धारेत सोडले आणि दहा काखेच्या तोंडाशी. मला बरोबर घेतलं होतं. धारेतले दहा तासाभरात दिसेनासे झाले. काखेच्या तोंडाशी सोडलेल्यांतले दोन बाहेर गेले आणि आठ आत आले. आत येऊन ते कडेकडेनं फिरले, आमच्या पंपाजवळ गेले, पलीकडच्या काठाला लागले, पुन्हा पंपाजवळ आले. तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी बायका नारळ घेऊन आल्या, नदीची ओटी भरली, घागरी भरल्या. आठही भोपळे तिथंच होते. दसऱ्याला होते. दिवाळीत त्यांतले सहा मी मोजले.

तेव्हा मला जे अर्धवट समजलं ते आता नीट मांडता येतं. तीन दिवसांची रीत वाहत्या नदीची होती. नदी वाहत होती तेव्हा पहिलं पाणी, वरची सगळी घाण घेऊन आलेलं, तीन दिवसांत खरोखर पुढं निघून जात असेल. ज्या बायकांनी रीत घातली त्यांनी कारण चुकीचं सांगितलं, पण पाण्याकडं नीट पाहिलं होतं. धरण झालं आणि नदी थांबली. पहिलं पाणी काखेत शिरू लागलं आणि तिथंच राहू लागलं. रीत मात्र तीनच दिवसांची राहिली. काशीमावशींच्या घरी ती काटेकोर पाळली होती, चौथ्या दिवसापर्यंत कुणी थेंब प्यायलं नव्हतं. तरी त्यांच्या सुनेला कावीळ झाली. मावशींची रीत आणि माझं पुस्तक, दोन्ही धरणाच्या आधीची होती.

नंतर मी सोलापुरात भूगोल शिकवला, तीस वर्षं. नद्या सागराला मिळतात त्या धड्यात खाडी यायची, उपसागर यायचे, आणि नदीनं आणलेल्या गाळानं किनारा सुपीक होतो असं एक वाक्य यायचं. एकदा मुलींची सहल कोकणात नेली होती. खाडीच्या कडेला एका होडीवाल्याला मी विचारलं, पुराचं पाणी आल्यावर मासे कसे असतात. तो म्हणाला, "मधनं जाता ता पाणी जाता, बाई. कोपऱ्यात घुसता ता महिनाभर तिथंच कुजता. आमी त्या कोपऱ्यातली कालवां काढणव नाय." मुली फोटो काढत होत्या. मी होडीत बसून राहिले. समुद्राचा आणि आमचा काय संबंध, असं मला तोपर्यंत वाटत होतं.

दिवाळीत भोपळे मोजताना आम्ही दोघंच काखेच्या कडेला होतो. आप्पा दगडावर बसून वहीत लिहीत होते. मला वाटलं, आत्ता सांगावं. मी म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी मी पट्टीवर आले होते ना—"

"तो अकरा नंबर बघ," आप्पा म्हणाले. "कुठं अडकलाय?"

"आप्पा, मी तुम्हांला विचारलंच—"

"बघ म्हणालो ना." त्यांनी वर पाहिलं नाही. "झाडाखाली हाय का गवतात हाय?"

"गवतात आहे."

"गवतात," असं म्हणून त्यांनी लिहिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "आईजवळ काय बोलू नगंस. तिला तू एकच राहिलीस."

मी त्यांना सहसा 'नगंस' म्हणताना ऐकलं नव्हतं. कचेरीत राहून त्यांनी बोलणं बरंच सुधारलं होतं.

भोपळ्यांचं सगळं टिपण त्यांनी पाच पानांत लिहून वरच्या कचेरीला पाठवलं. क्वार्टरचं पाणी ओढ्याच्या खोबणीतून घेऊ नये, आवक सुरू झाल्यावर तर मुळीच घेऊ नये, असं शेवटी लिहिलं होतं. त्यावर आवक क्रमांक पडून पोच आली. दुसरं काही आलं नाही. तीन वर्षांनी क्वार्टरजवळ बोअर पाडलं, पण ते त्या टिपणामुळे की कसं ते कुणाला माहीत नाही. वस्तीतले लोक अजून काखेतलंच पाणी भरतात. दोन वर्षांपूर्वी मी जाऊन आले. ते आता उन्हाळ्यातच नाही, बारा महिने हिरवं असतं, आणि वास सडकेपर्यंत येतो. वरची शहरं तेव्हापेक्षा कितीतरी मोठी झाली आहेत.

आप्पा निवृत्त झाल्यावर आम्ही सोलापुरात सात रस्त्याजवळ दोन खोल्या घेतल्या. मी लग्न केलं नाही. घरात तिघं होतो आणि फार बोलणं नव्हतं. आप्पा शेवटी सहा महिने अंथरुणाला खिळून होते. तेव्हा त्यांना स्वतः उठून पाणी घेता येईना, म्हणून मी द्यायची. मी शाळेत असले तर शेजारची बाई द्यायची. एकदा सुट्टी लवकर झाली आणि मी घरी आले, तर आई त्यांच्या खाटेशी तांब्या घेऊन उभी होती. मला पाहून तिनं तो खिडकीत ठेवला आणि आत गेली. त्यांना तिनं पाणी दिलं होतं की द्यायची होती, ते मी विचारलं नाही. आप्पांनीही सांगितलं नाही. आठवड्याभरात ते गेले.

आई त्यानंतर बारा वर्षं होती. मी अनेकदा ठरवलं. गौरीच्या दिवशी, अक्काच्या तिथीला, आप्पांच्या तिथीला. दर वेळी आप्पांचं वाक्य आठवायचं आणि मी त्याच्या आड उभी राहायची. ते वाक्य त्यांनी आईसाठी म्हटलं होतं. मी ते माझ्यासाठी वापरलं. शेवटच्या वर्षी आईला माणसं ओळखू येत नव्हती. मला ती अक्का समजायची आणि विचारायची, "आप्पांनी तुला पाणी प्यायला का सांगितलं गं?" तेव्हासुद्धा मी म्हणू शकले असते. प्रश्न अक्काला विचारला जात होता आणि अक्काला खरं ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. मी तिचे पाय चेपत राहिले.

आई गेल्या वर्षी गेली. त्या घरातली आता मी एकटी आहे. आप्पा हो म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं.